चित्र बघायला न आलेली माणसे

चित्रप्रदर्शन म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी येते. १९५२ मध्ये ती सुरू झाली. पांढऱ्या भिंती, दबक्या आवाजात बोलणारी माणसे आणि प्रत्येक चित्रापुढे ठरावीक वेळ थांबून मान डोलावण्याची एक अलिखित सक्ती! मला त्या गॅलरीबद्दल आदर आहे. पण तिथे जाणारा माणूस आज चित्रे बघायचीच असे ठरवून घरातून निघालेला असतो. त्याची काळजी करणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते चित्र बघायला मुळीच न आलेल्या, तरीही ज्याच्या डोळ्यांपुढे कुणीतरी चित्र टांगून ठेवले आहे अशा माणसाविषयी. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी खेटे घालणारा, पीककर्जाच्या रांगेत उभा राहिलेला, दवाखान्यात नंबर यायची वाट पाहणारा, लग्नाचा बस्ता बांधायला आलेला हा माणूस आपल्या धाराशिव जिल्ह्यात बहुसंख्य आहे.

या माणसासाठी आपल्याकडे चित्रे नाहीत असे कुणी म्हणू नये. दवाखान्यात ओठांवर बोट ठेवलेले गोंडस बाळ असते. केशकर्तनालयात आरशाच्या वर परदेशी केशभूषेचे तरुण ओळीने बसलेले असतात, आणि त्यांच्यासारखे केस कापून मागण्याचे धाडस गावात कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. किराणा दुकानात कॅलेंडर असते. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला (पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला) तेव्हापासून देवादिकांची छापील चित्रे घराघरांत गेली, आणि साबणवाल्यांनी, ग्राइप वॉटरवाल्यांनी त्याच चित्रांखाली आपली नावे छापून ती दुकानादुकानांत पोहोचवली. आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याचे, आजच्या कलबुर्गीचे, एस. एम. पंडित आणि गोव्याचे रघुवीर मुळगावकर या दोघांची कॅलेंडरे तर आपल्या आजीच्या पिढीची गॅलरीच होती. वर्ष संपले तरी चित्र भिंतीवरून निघत नसे, फक्त खालचे तारखांचे कागद फाटून जात. तुळजापूरला मंदिराच्या वाटेवर कवड्यांच्या माळांशेजारी चौकटीतल्या भवानीमातेच्या तसबिरी रचून ठेवलेल्या असतात. त्यांतली एखादी आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत गल्ल्याच्या वर दिसते.

पण या सगळ्यांत आपल्या हेतूला सर्वांत चोख उतरलेले चित्र कोणते, असे मला विचाराल तर मी जिन्याच्या कोपऱ्यातल्या टाइलकडे बोट दाखवीन. कचेऱ्यांच्या जिन्यांत, वळणावर, जमिनीपासून हातभर उंचीवर देवदेवतांच्या चिनीमातीच्या टाइल बसवलेल्या असतात. कुणी तिथे पान खाऊन थुंकू नये, एवढाच त्यांचा उद्देश. वाचकांनी हसू नये. जागा कोणती, तिथून कोण जाणार, त्याच्या मनात त्या क्षणी काय असणार आणि चित्राने त्याच्यावर काय परिणाम करायचा, या सगळ्याचा इतका बारीक विचार करून लावलेले दुसरे चित्र मी पाहिलेले नाही. परिणाम कलेचा नसून धाकाचा असतो, ही गोष्ट वेगळी.

सांगायचा मुद्दा असा की, कामाच्या आणि विक्रीच्या जागी लावलेले प्रत्येक चित्र कुणीतरी निवडलेले असते. निवडणारा कधी मालक असतो, कधी साहेब, कधी सजावटवाला, कधी नुसता योगायोग. शहरांत आता हा एक व्यवसाय झाला आहे. कंपन्यांच्या कार्यालयांसाठी, हॉटेलांसाठी, मोठ्या दुकानांसाठी चित्रे निवडायची, चित्रकारांकडून खास करवून घ्यायची, ती लावायची आणि बदलायची. त्या माणसाला क्युरेटर म्हणतात. आपल्या सरकारी वस्तुसंग्रहालयांत या हुद्द्याला ‘अभिरक्षक’ असा भारदस्त शब्द आहे. मूळ लॅटिन शब्दातही काळजी वाहण्याचाच अर्थ आहे. मात्र अभिरक्षक म्हटले की मला किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला गृहस्थ दिसतो. आमच्या गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने गेल्या वर्षी माझ्यासाठी जो शब्द वापरला तो मला जास्त पटला. ते म्हणाले, “ती चित्रं लावणारी पोरगी कुठंय?”

त्याचे असे झाले. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवण्याचे काम माझ्याकडे होते. हॉल मिळाला नाही म्हणून सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन मी ती चित्रे कॅन्टीनच्या वाटेवर लावली. माणसे चहाला जाताना थांबत, परतताना पुन्हा थांबत. पाहुणे म्हणून आलेल्या या शेठनी ते पाहिले. त्यांचे नवे तीन मजली दुकान उभे राहत होते. माझे वडील त्यांच्याकडचे जुने गिऱ्हाईक, म्हणून मी त्यांना काका म्हणते. ते म्हणाले, “आमच्या भिंतींचं बघ की जरा.”

मी गेले तेव्हा सजावटवाल्याने आणलेली एक जाडजूड वही टेबलावर पडली होती. तीत कॅनव्हासवर छापून मिळणारी चित्रे होती. पावसातला परदेशी रस्ता आणि लाल छत्रीतली मडम, पानगळीचे पिवळे जंगल आणि भरभराटीसाठी हमखास लावले जाणारे सात धावते पांढरे घोडे. भाव चौरस फुटावर. शेठचा जीव घोड्यांवर जडलेला होता. मी म्हटले, “काका, मला आठ दिवस द्या. मी नुसती बसून बघते.” ते म्हणाले, “बस की. चहा पी. भिंत काय पळून जायलीय?”

तेव्हा जुने दुकान सुरूच होते. त्या आठ दिवसांत मी जे पाहिले ते चित्रकलेच्या कुठल्याही पुस्तकात मिळाले नसते. बस्ता म्हणजे काय हे आपल्याकडच्या मुलामुलींना सांगायला नको. तरी प्राध्यापकांपैकी जे बाहेरगावचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. लग्नाच्या दोन्हीकडची वीसपंचवीस माणसे एकाच वेळी दुकानात येतात. बायका पुढे गादीवर बसतात, नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, मानपानाच्या साड्या, आहेराची लुगडी, अशा घड्यांवर घड्या उलगडतात. पुरुषमंडळी मागे भिंतीला टेकून बसतात. त्यांचे काम शेवटी पैसे देण्याचे, तोवर त्यांना काही काम नसते. चहा दोनदा होतो, मोबाइलची बॅटरी संपते, व्याह्यांशी बोलायचे विषयही संपतात. चार चार, पाच पाच तास ही माणसे समोरच्या भिंतीकडे बघत बसतात. त्या भिंतीवर एका कापडगिरणीची जाहिरात होती. रोज एवढ्या डोळ्यांसमोर पाच तास राहण्याचे भाग्य जहांगीरमधल्या कुठल्या चित्राला लाभले असेल?

आणि दुसरे पाहिले ते विक्रीला उभ्या असणाऱ्या मुलींचे. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत त्या उभ्या असतात. ‘उभ्या’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, असा तिथला नियम आहे. दुपारी पाळीपाळीने त्या गोदामामागच्या एका खोलीत डबा खायला जातात. तिथे एक ट्यूबलाइट, पाण्याचा माठ आणि पोपडे आलेली भिंत. सजावटवाल्याच्या नकाशात नव्या दुकानातही अशी खोली होती. तिच्यावर फक्त ‘स्टाफ’ असे लिहिलेले होते आणि भिंतींचे रकाने कोरे होते.

या दोन भिंती माझ्या डोक्यात बसल्या. बाकीच्या सगळ्या, म्हणजे दर्शनी काच, लिफ्टची बाजू, गल्ल्यामागची जागा, मी खुशाल सजावटवाल्याला सोडल्या. गल्ल्यामागे भवानीमाता होतीच. तिला रोज उदबत्ती होती, तिथे माझ्यासारखीने लुडबुड करण्याचे कारण नव्हते.

शेठना पटवण्यासाठी मी थोडा अभ्यास केला. आमच्या सरांनी मला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची हकीकत सांगितली होती. होमी भाभा हे अणुशास्त्रज्ञ, पण स्वतः उत्तम चित्रे काढणारे. १९५० च्या दशकात त्यांनी संस्थेसाठी त्या वेळच्या तरुण चित्रकारांची कामे विकत घ्यायला सुरुवात केली. बांधकामाच्या खर्चातला एक टक्का चित्रांसाठी ठेवण्याची परवानगी त्यांनी पंडित नेहरूंकडून मिळवली, असे सांगतात. कुलाब्याच्या नव्या इमारतीत मोठे भित्तिचित्र हवे म्हणून त्यांनी अनेक चित्रकारांकडून आराखडे मागवले आणि हुसेन यांची निवड केली. ‘भारत भाग्य विधाता’ हे सुमारे पंचेचाळीस फूट लांबीचे त्यांचे चित्र आजही तिथे आहे. रोज कामाला येणारे शास्त्रज्ञ त्याच्यासमोरून ये-जा करतात. हे हुसेन आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेले, आणि तरुणपणी मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरलेले.

शेठनी सारे शांतपणे ऐकले. एक टक्का म्हटल्यावर त्यांचे ओठ हलू लागले. हिशोब पुरा झाला तसे ते मोठ्याने हसले. म्हणाले, “पोरी, त्यो सरकारचा पैसा व्हता. हितं माझाय.” अखेर तडजोड अशी झाली की एका एसीची जी किंमत असेल तेवढ्यात सगळी चित्रे बसवायची. मी एसीची किंमत विचारून ठेवली. सर्वांत मोठ्या एसीची.

मग मी एअर इंडियाची गोष्ट सांगितली, कारण ती दुकानाच्या जास्त जवळची होती. १९५६ मध्ये या कंपनीने चित्रे घ्यायला सुरुवात केली ती बी. प्रभा यांच्यापासून. या नागपूरजवळच्या बेला गावच्या. कोळिणींची त्यांची लांबट, गंभीर चित्रे पुढे फार नावाजली. कंपनीला चित्रे हवी होती ती जगभरच्या आपल्या तिकीटविक्रीच्या कार्यालयांसाठी. म्हणजे लंडनला कुणी गोरा साहेब तिकीट काढायला आला, की त्याला रांगेत उभ्या उभ्या हिंदुस्थानातल्या तरुण चित्रकाराचे काम दिसे. तो काही चित्र बघायला आलेला नसे. पुष्कळदा चित्रकारांना मोबदल्यात विमानाची तिकिटे मिळत. प्रख्यात स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९६७ मध्ये कंपनीसाठी एका ॲशट्रेचा नमुना करून दिला आणि मोबदला म्हणून हत्तीचे पिल्लू मागितले. ते त्यांना खरोखरच पाठवण्यात आले! ही गोष्ट शेठना फार आवडली. दोन दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगत होते.

या गोष्टीची दुसरी बाजू मी त्यांना सांगितली नाही, इथे सांगते. चित्र विकत घेणे सोपे, पुढे त्याला सांभाळणे कठीण. त्या संग्रहातली काही चित्रे गहाळ झाल्याचे २०१७ मध्ये वर्तमानपत्रांत गाजले. २०२२ मध्ये विमान कंपनी टाटांकडे परत गेली, संग्रह मात्र सरकारकडे राहिला आणि तो राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे देण्याचे ठरले. म्हणजे तिकीट काढायला आलेल्या माणसांसाठी घेतलेली चित्रे शेवटी तिकीट काढून बघायच्या जागी निघाली. त्यांच्या सुरक्षिततेसाठी हे बरेच झाले असेल; पण मला थोडी चुटपुट लागते. उलट वाटेने गेलेले उदाहरण मुंबईच्या विमानतळाचे आहे. तिथल्या दुसऱ्या टर्मिनलवर २०१४ पासून राजीव सेठी यांनी मांडलेला सुमारे तीन किलोमीटर लांबीचा कलेचा भिंतीपट्टा आहे. विमान पकडायच्या घाईतला माणूस ट्रॉली ढकलत त्याच्या कडेने जातो. आपल्या तीन मजली दुकानाची त्याच्याशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच आहे. आपल्याच कामात असलेल्या माणसापुढे चित्र ठेवायचे, तर ते कुणाच्या सोयीने?

बस्त्याच्या भिंतीसाठी मी पेंटर मामांचे नाव सुचवले. ते माझे सख्खे मामा नव्हेत, गावाचे मामा. फ्लेक्स येण्यापूर्वी अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. अक्षराला सावली द्यावी तर त्यांनीच. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या मागचा मोर, निवडणुकीतली चिन्हे (सर्व पक्षांची, सारख्याच निष्ठेने) असे सगळे त्यांनी रंगवले. मग फ्लेक्स आले, चार तासांत छापून मिळू लागले, आणि मामांचे डबे सुकले. आता ते मधूनअधून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर स्वच्छतेच्या घोषणा लिहितात. हुसेन यांची गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली नाही. साठीच्या माणसाला उगाच अशी उदाहरणे देऊ नयेत.

विषय ठरला नळदुर्ग. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात असलेला आदिलशाहीतला पाणीमहाल, आणि पावसाळ्यात त्या बांधावरून पडणारे नर आणि मादी हे दोन धबधबे. मामा आणि मी एका रविवारी एसटीने जाऊन आलो. मामा दोन तास बांधासमोर बसले. चार रेघा काढल्या, खोडल्या. म्हणाले, “माय, अवघडंय. त्या छत्रीवाल्या मडमंचं चित्र कसंबी काढलं तरी हितं कोन चुकी काढनारंय? ह्यातली चूक पोरगंसुदिक दावंल.” मला वाटते, चित्र निवडण्याची एवढी खरी कसोटी मला दुसऱ्या कुणी सांगितलेली नाही.

मग पैशांचा प्रश्न आला. शेठ म्हणाले, पाटीचा भाव चौरस फुटाला ठरलेला आहे, चित्राला तोच लावू. मामा भिडस्त, कधी घासाघीस न करणारे. मी मनात म्हटले, आता हे हो म्हणणार. पण त्यांनी मान हलवली. “मालक, पाटी वाचली की मानूस आत येतंय. पुना कोन बघतंय तिच्याकडं? ह्याच्याकडं पाच-पाच घंटे बघत बसनारी लोकं हैत. मला तेवढा येळ बसून काढावं लागंल.” शेवटी चाळीस दिवसांची मजुरी धरून रक्कम ठरली आणि तिच्यातली निम्मी आगाऊ मिळाली.

शेठची एक शंका मात्र अगदी रास्त होती. “गिऱ्हाईक साडी बघंल का चित्र बघंल?” चित्र चांगले झाले तर धंद्याला मारक, आणि वाईट झाले तर लावायचे कशाला, असा हा पेच. यावर उतारा म्हणून चित्र बायकांच्या पाठीमागच्या, म्हणजे पुरुषांच्या समोरच्या भिंतीवर घ्यायचे ठरले. मांडणीतही तसा बदल झाला. त्यामुळे आता नळदुर्गाचे दोन्ही धबधबे बघतात ते पुरुष, आणि बायकांना वळून बघितल्याशिवाय ते दिसत नाहीत. ही अट मी मान्य केली. ती मला आवडली असे मात्र म्हणवत नाही.

जिन्याच्या वळणावर शेठना अर्थातच टाइल हव्या होत्या. तिथे मला आपल्या जिल्ह्याचीच मदत झाली. तेरचे कै. रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आपल्यापैकी काहींनी सहलीत पाहिले असेल. लामतुरे यांनी गावात सापडणारे मणी, शंखाच्या बांगड्या, मातीची खेळणी, मूर्ती अशा वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. माझ्या मते ‘क्युरेटर’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात सर्वांत आधी त्यांना शोभतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हे गाव पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे, आणि तिथून भडोच बंदराकडे गाड्या भरभरून काय जात असे? कापड! साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हे ऐकल्यावर शेठ खुर्चीत सरळ बसले. “म्हंजे आपला धंदा दोन हजार सालाचाय म्हन की!” जिन्याच्या भिंतीवर तगराहून निघालेल्या बैलगाड्यांची ओळ आली ती अशी. मामांनी ती दहा दिवसांत रंगवली. बैल तर त्यांच्या हातात बसलेलेच आहेत.

दुसऱ्याच महिन्यात शेवटच्या गाडीच्या बैलाचा मागचा पाय तांबडा झाला. मामांनी तो पुसला, पुन्हा रंगवला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. आता त्या बैलाच्या पायाशी एक टाइल बसली आहे. बाकीचे बैल सुखरूप आहेत. म्हणजे जिन्यात एकच टाइल पुरते, एवढे तरी सिद्ध झाले.

खरी लढाई झाली ती डब्याच्या खोलीवरून. मी तिथे चित्र हवे म्हटल्यावर शेठना काही केल्या समजेना. “तिथं कोन बघनारंय?” मी म्हटले, तुमची माणसे. “ती काम कराया येतेत, पोरी. चित्र बघाया न्हाईत येत.” भाभांचे शास्त्रज्ञही कामालाच येत होते, हे मी सांगून पाहिले, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. शास्त्रज्ञांचे काय, आणि साड्यांच्या घड्या घालणाऱ्या पोरींचे काय! शेठ दुष्ट नाहीत. मुलींच्या घरी अडचण आली तर उचल देतात, दिवाळीला साडी देतात. पण गिऱ्हाइकाला दिसत नाही त्या भिंतीवर खर्च करणे म्हणजे पैसे पाण्यात, हे त्यांच्या रक्तात आहे, आणि व्यापारी माणसाच्या रक्तात ते असायचेच.

माझा मेहनताना म्हणून त्यांनी मला एक इरकली साडी देऊ केली होती. विमान कंपनीच्या तिकिटांसारखाच हा प्रकार. मी म्हटले, काका, साडी ठेवा. तिची किंमत मामांना द्या आणि त्या खोलीची भिंत आम्हाला द्या. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “घे.” (साडी गर्द हिरवी होती. आई अजून हळहळते.)

काय काढायचे ते मी मुलींना विचारले. मला वाटले होते त्या फुले, डोंगर, समुद्र असे काही सांगतील. त्या आधी लाजल्या, एकमेकींना ढकलू लागल्या. मग त्यांच्यातली एक म्हणाली, “काय बी काढा, पण उभी बाई काढू नका.” सगळ्या खो खो हसल्या. मग दुसरी हळूच म्हणाली, “बसलेली काढा. काहीच करत नसलेली.”

मामांनी लिंबाच्या झाडाखालचा दगडी पार काढला. मागे ज्वारी काढून झालेले मोकळे रान, दूरवर बालाघाटाची निळसर रांग. पारावर एक बाई, पाय सोडून, झाडाला पाठ टेकून बसलेली. चेहरा उत्तम साधला. हातांपाशी मामांचा कुंचला अडला. रिकामे हात कसे ठेवायचे ते त्यांना सुचेना. चाळीस वर्षांत त्यांनी ज्या बायका रंगवल्या त्यांच्या हातात दिवा होता, घागर होती, पाटी-पुस्तक होते, पक्षाचा झेंडा होता. दुसऱ्या दिवशी मी गेले तर बाईच्या मांडीवर सूप आले होते. मामा म्हणाले, “जरा निवडत बसली असंल. मोकळी कशी बसंल बाई?”

डब्याच्या सुट्टीत मुली आल्या. त्यांनी सूप पाहिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा चढा आवाज ऐकला. “मामा, ते काढा अगोदर.” मामांनी समजावून पाहिले की सुपाने चित्र भरते. “ऱ्हाऊ द्या रिकामं,” ती पहिली मुलगी म्हणाली. मामांनी सूप पुसले आणि दोन दिवस नुसते बसून राहिले. शेवटी त्यांनी त्या बाईचे दोन्ही तळवे पारावर, अंगाच्या दोन बाजूंना टेकवले. आपण दमून बसलो की टेकवतो तसे. चित्रातले सर्वांत कच्चे काम तेच आहे. डाव्या हाताची बोटे जरा लांबली आहेत. सकाळी खिडकीतून तिरपे ऊन आले की मांडीवर सुपाची पुसट कड अजून दिसते.

दुकान सुरू होऊन आता वर्ष होत आले. वर बस्त्याला आलेले पुरुष नळदुर्गाचे बुरूज मोजतात, मामांनी एक कमी काढला यावर वाद घालतात. त्यात व्याही-व्याह्यांचे अर्धा तास बरे जाते, हे शेठ स्वतः सांगतात. मामांना त्यावरून दोन कामे मिळाली, एक मंगल कार्यालयाचे आणि एक खव्याच्या व्यापाऱ्याचे. दोन्हीकडे नळदुर्गच हवा आहे, त्यामुळे मामा थोडे वैतागले आहेत.

लग्नसराईत गोदाम पुरत नाही म्हणून डब्याच्या खोलीतही आता साड्यांची खोकी येऊ लागली आहेत. ती नेमकी चित्राच्या भिंतीला लावून रचतात, कारण समोरच्या भिंतीला माठ आहे. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा खोकी पारावर बसलेल्या बाईच्या गुडघ्यांपर्यंत आली होती. मुलींनी हमाली करणाऱ्या पोरांना बजावून ठेवले आहे की हातांच्या वर थर जाऊ द्यायचा नाही. शेठ अजून त्यावर काही बोललेले नाहीत.